वाघोबाची फळी
शेंदूर आणि तेलाचा वास आला की माझ्या जिवाला अजून गारवा वाटतो, आणि तो काही भक्तीमुळे नाही. डिंगोरे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरात आमची वाडी. तिथं दरवर्षी लाकडी फळीवर शेंदूर-तेलानं वाघोबा रंगवतात आणि डोळे तेवढे दिवाळीच्या तोंडावर, वाघबारसेला माझी आई काढते. एकदा डोळे उघडले की वर्षभर फळी जागची हलवायची नाही, आणि तिच्यापुढं चूल पेटवायची नाही. मी लहान असताना एका वर्षी, डोळे काढायच्या आधीच, वाळत ठेवलेली फळी चोरीला गेली, ती आळेफाट्याच्या एका हॉटेलात, भट्टीसमोरच्या भिंतीवर टांगलेली दिसली. वडील मागायला गेले, तर गिऱ्हाइकांदेखत मालक हसला, "शोभेला लावलीय राव, दुसरी रंगवा की!" ते हसू आम्ही गिळलं नाही. वाघबारसेच्या दुपारी, ऐन गर्दीत, आई मला घेऊन हॉटेलात शिरली, स्टुलावर चढली आणि काजळानं वाघोबाचे डोळे काढले. "मावशी, काय करताय?" मालक ओरडला. "डोळं राह्यलं व्हतं," आई म्हणाली, "आता संबाळा." आचारी आमच्याच डोंगरातले. त्यांनी फळीकडं पाहिलं, भट्टी विझवली आणि हात जोडून बाहेर पडले. मालक फळी काढायला धावला, पण त्याचाही हात वर जाईना. ऐन दिवाळीत थंड पडलेलं हॉटेल पुन्हा उठलं नाही. पुढच्या वाघबारसेला आम्ही फळी वाजतगाजत वाडीवर आणली. आज त्या हॉटेलाच्या जागेत पंक्चरचं दुकान आहे. चाकं ठणठणीत असली तरी मी गाडी थांबवते, हवा भरून घेते, आणि भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडं पोटभर बघते.