टोपण बसलं नाही

माझा मामा आयुष्यभर एका माणसावर चिडून राहिला, आणि त्या माणसाला त्याने कधी पाहिलंही नव्हतं. नाव माहीत नव्हतं, पत्ता माहीत नव्हता. माहीत होतं ते इतकंच, की तो टर्नर होता आणि त्याने सहा टोपणं बनवली होती.

मामाही टर्नरच. लोखंड कातायच्या लेथसमोर उभं राहून त्याने एकोणचाळीस वर्षं काढली. कारखान्यात त्याला 'सूतमामा' म्हणत, कारण दुसऱ्याचं काम हातात घेतलं की तो एक डोळा मिटून म्हणायचा, "सूतभर चुकलंय." घरीही तेच. बरणीचं झाकण फिरवताना जरा अडकलं की हा पेपर खाली ठेवून सुरू व्हायचा.

"कुणी पाडले हे आटे? माणसाने की घुशीने?"

"अहो, बरणी आहे ती," मामी म्हणायची. "विमान नाही."

"आटे ते आटे."

"तुमच्यापुढे झाकण लावायची चोरी झाली आहे मला. शेजारणीकडे जाऊन लावून येऊ का?"

स्क्रूवर किंवा बरणीच्या तोंडावर जे गोल गोल वळसे असतात ते आटे. एका इंचात किती वळसे, यावर सगळं असतं. बाहेरचे आणि आतले आटे जुळले नाहीत तर झाकण बसत नाही. मामाचं सगळं आयुष्य या एका वाक्यात अडकून पडलं होतं.

परक्यांचं राज्य होतं तेव्हा मामा बावीस वर्षांचा होता. आमच्याच शहरात क्रांतिकारकांचा एक छोटा गट होता आणि त्यातले तिघे तुरुंगात होते. त्यांच्या फाशीची तारीख ठरली होती. त्याआधी तुरुंगाची मागची भिंत उडवून तिघांना बाहेर काढायचं, असा बेत होता. त्यासाठी सहा लोखंडी नळकांडी आणि त्यांना सहा टोपणं हवी होती.

गटातर्फे मामाकडे यायचे ते एक शाळामास्तर. त्यांचा नियम कडक. कागद दाखवायचा, समोरच्याने तो पाठ करायचा आणि तिथल्या तिथे जाळायचा. मामाच्या वाट्याला नळकांडी आली. कागदावर लांबी होती, व्यास होता आणि 'इंचात चौदा आटे' असं होतं.

"टोपणं कोण करतंय?" मामाने विचारलं.

"तुला काय करायचंय?"

"एखादं आणून द्या, बसवून बघतो. आमच्यात असंच करतात, मास्तर. नट आणि बोल्ट एकच माणूस करतो, एकावर एक चढवून बघतो, घासायचं तिथे घासतो."

"तुला तो माहीत नको आणि त्याला तू नको. एक सापडला तरी दुसरा सुटला पाहिजे. कागदाप्रमाणे कर, तो कागदाप्रमाणे करेल."

मास्तरांचं गणित पक्कं होतं. लेथ मात्र त्यांनी कधी चालवला नव्हता.

मामाने तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत, डबा न उघडता, सहा नळकांडी केली. मालकाने विचारलं तर पंपाचं काम म्हणून सांगायचं ठरलं होतं. मालकाने विचारलं नाही.

ठरल्या दिवशी, भर दुपारी, पहारा बदलायच्या वेळेला मास्तर आणि त्यांचा एक सोबती तुरुंगामागच्या लाकडाच्या वखारीत बसले. आयत्या वेळी टोपणं लावायची होती. पहिलं बसेना. दुसरं बसेना. फडक्यात धरून पिळलं, दगडाने ठोकलं. सहापैकी एकही बसलं नाही. तोवर पहारा बदलून गेला आणि आवाज ऐकून वखारवाला आत आला.

हे मामाला कळलं ते खटल्याच्या बातमीतून. डबा ज्या कागदात गुंडाळलेला होता त्यावरच ती छापलेली होती. तुरुंगातल्या तिघांना ठरल्या तारखेला फाशी झाली. मास्तर कोठडीत मार खाऊन मेले. सोबत्याला नावं माहीतच नव्हती, आणि मास्तरांच्या तोंडून नाव निघालं नाही, मामाचंही नाही आणि त्या टोपणवाल्याचंही नाही.

पुढे राज्य गेलं, झेंडा बदलला. मामाने स्वातंत्र्यसैनिकांच्या यादीत कधी नाव लावलं नाही. त्याचा प्रश्न एकच होता. माझं चुकलं की त्याचं?

काही दिवस तो छातीठोकपणे म्हणायचा, "चौदाचे गिअर लावले होते मी. त्याच गाढवाने काहीतरी केलं." आणि काही दिवस एकदम गप्प व्हायचा. त्या सकाळी त्याच लेथवर पंपाचं काम चालू होतं, आणि ते काम इंचात अकरा आट्यांचं होतं. इंचात किती आटे पडणार ते लेथचे गिअर ठरवतात. गिअर बदलले होते ना? बदलले होते. पण नसतील तर? नसतील तर तीन माणसं आणि मास्तर, चौघांचं पाप त्याच्या हातावर होतं. म्हणून तो टोपणवाल्याला शिव्या द्यायचा. शिव्या दिल्या की थोडा वेळ बरं वाटायचं.

मी डिप्लोमा करून एका कारखान्यात तपासणी विभागाला लागले, त्याच वर्षी आमच्या शहरातल्या संग्रहालयात क्रांतिकारकांचं दालन उघडलं. मामाला घेऊन गेले. एका काचपेटीत तेलकट कागदावर एक नळकांडं आणि शेजारी एक टोपण ठेवलेलं होतं. खाली पाटी: 'क्रांतिकारकांनी तयार केलेले सदोष साहित्य.'

मामा काचेला नाक लावून उभा राहिला. "सदोष," तो म्हणाला. "कोण दोषी ते लिहा की मग."

संग्रहालयाचे साहेब सभ्य होते, हेच त्रासाचं होतं. शिव्या देता येत नव्हत्या.

"मोजून बघायचंय? अर्ज करा."

अर्ज केला. दीड महिन्याने उत्तर आलं की अर्जदाराचा वस्तूशी संबंध नमूद नाही.

"लिही," मामा मला म्हणाला, "संबंध: बनवणारा."

त्यावर साहेबांनी बोलावून घेतलं. "काही पुरावा? शिक्षा झाली होती का आपल्याला?"

"नाही. मी सापडलो नाही."

"मग यादीत आपलं नाव नाही."

"सापडलो नाही म्हणूनच नाही ना, साहेब. ज्यांना माझं नाव माहीत होतं त्यांनी सांगितलं नाही, आणि ते मेले."

"मी समजू शकतो. पण नियमात ते बसत नाही."

"या गोष्टीत काहीच कशात बसत नाही," मामा म्हणाला आणि उठला.

तिसरा अर्ज मी आमच्या तपासणी विभागातर्फे केला. जुन्या आट्यांचा तांत्रिक अभ्यास, असा विषय घातला. चौथ्या दिवशी परवानगी आली. मामाला याचा आनंद व्हावा, तर तो अजून भडकला. "मी बनवलं तर चालत नाही, तू अभ्यास केलास तर चालतं."

"जायचंय ना पण तुम्हाला?" मामी म्हणाली. "मग चिडायचं ते परत आल्यावर चिडा. मी आहेच."

ठरल्या सकाळी गेलो तर काचपेटी उघडेना. स्क्रूंच्या खाचा कुणीतरी आधीच खराब करून ठेवल्या होत्या. साहेबांचा माणूस वीस मिनिटं झटला. शेवटी मामाने त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला, वरून दाबला, कलता धरला आणि चारही स्क्रू काढून साहेबांच्या तळहातावर ठेवले.

"पंधरा मिनिटं," साहेब म्हणाले.

मी आटे मोजायच्या पट्ट्या काढल्या. पातळ पोलादी पट्ट्या असतात, प्रत्येकीला वेगळ्या अंतराचे दाते. अकराची पट्टी नळकांड्यावर टेकवली. दाते चढून बसले, खाली जाईनात. चौदाची टेकवली. ती अशी बसली की मधून उजेड दिसेना.

"चौदा," मी म्हणाले.

मामा स्टूल ओढून बसला आणि दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले. जरा वेळाने म्हणाला, "आता त्याचं बघ."

मला वाटलं, आता चाळीस वर्षांच्या शिव्यांना पत्ता मिळणार. टोपणाच्या आत पट्टी घातली. चौदा. पुन्हा घातली, वळवून घातली. चौदाच.

"नीट बघ, पोरी."

"नीटच बघितलं. त्याचंही बरोबर आहे."

"मग बसत का नाही?"

त्याने नळकांडं डाव्या हातात घेतलं, टोपण हलकेच टेकवून आधी उलटं फिरवलं, मग सुलटं. पाव वेढ्यावर ते थांबलं. मी मायक्रोमीटरने नळकांड्याचं बाहेरचं माप घेतलं, मग टोपणाच्या आतलं. पुन्हा घेतलं. दोन्ही मापं तंतोतंत एक निघाली, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. आमच्या विभागात पहिल्याच दिवशी जे शिकवतात तेच इथे नव्हतं. आत जाणारी वस्तू मापापेक्षा किंचित लहान लागते, किंवा बाहेरची किंचित मोठी. तेवढी सूट ठेवली नाही तर बरोबर आणि बरोबर एकमेकांत जात नाहीत. मामाने कागदावरचं माप अचूक दिलं होतं. टोपणवाल्यानेही दिलं होतं. दोघेही नामी कारागीर. गचाळ काम केलं असतं तर कदाचित बसलं असतं.

"सूट कुणी ठेवायची ते कागदावर होतं का?" मी विचारलं.

"ते कधीच कागदावर नसतं," मामा म्हणाला. "ते हाताने बघतात. म्हणून तर एक टोपण मागितलं होतं मास्तरांकडे." मग तो साहेबांकडे वळला. "जरा तेल आणि बारीक पॉलिश पेपर मिळेल?"

"कशाला?"

"बसवून देतो. दोन मिनिटांचं काम आहे."

"नाही, नाही. न्यायालयातला मुद्देमाल आहे तो. आहे तसाच राहिला पाहिजे."

"दोन मिनिटांचं आहे, साहेब."

"समजू शकतो मी," साहेब म्हणाले आणि दोन्ही वस्तू त्याच्या हातातून अलगद काढून घेतल्या. पाटी बदलायचं विचारलं, तर त्यासाठी वेगळा अर्ज होता.

बस थांब्यावर मी म्हणाले, "निदान तुझं चुकलं नव्हतं हे तरी कळलं."

"हं."

"अजून काय हवंय मग?"

"अगं, त्यानेही वाचलं असेल ना पेपरात? टोपणं बसली नाहीत म्हणून? तोही कुठेतरी बसून मला शिव्या देत असेल. किंवा माझ्यासारखाच, आपले गिअर आठवत बसला असेल." त्याने पायाने खडा उडवला. "आणि त्याला सांगायचं कसं? मास्तरांनी नाव सांगितलं नाही. हाडं मोडली तरी सांगितलं नाही. निदान मला तरी सांगून जायचं होतं त्यांनी."

"पेपरात जाहिरात देऊ या."

"काय देणार? टोपणवाल्यास, तुझं बरोबर होतं?"

मी हसले. तो हसला नाही.

"गेला असेल तो एव्हाना," मामा म्हणाला. बस आली, चढताना गर्दीत कुणाचा तरी धक्का लागला आणि तो त्या माणसावर असा काही ओरडला, की सगळी बस आमच्याकडे बघायला लागली. पुढच्या थांब्यापर्यंत तो दांडा धरून धुमसत उभा होता. मग खाली वाकून माझ्या कानाशी म्हणाला, "चौदा आटे होते, हेही घाल. नाहीतर त्याला कळायचं नाही."