दोर धरणाऱ्याची बडबड

बीडच्या जंगल महकम्यात, म्हणजे वनखात्याच्या कचेरीत, ते पुस्तक टपालाने आलं तेव्हा तिथं ते वाचू शकेल असं कोणी नव्हतं. कचेरीचा कारभार उर्दूत चालायचा, माणसं घरी मराठी बोलायची, आणि पुस्तक होतं इंग्रजीत. माझे वडील त्या कचेरीत कारकून होते. त्यांनी ते घरी आणून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "बघ, काय लिहितोय साहेब."

मी हैदराबादला मावशीकडे राहून मिशनच्या शाळेत शिकले होते. आई गेल्यावर तिथं पाठवली गेले आणि सतराव्या वर्षी परत आले. इंग्रजी शिकून मी धीट होईन असं नातेवाइकांना वाटलं होतं. पण शाळेत मराठी बोलायची नाही आणि घरी इंग्रजी दाखवायची नाही, या दोन्ही सवयींमुळे मी बोलण्याआधी फार विचार करू लागले, आणि विचार संपेपर्यंत बोलायची वेळ निघून गेलेली असे.

पुस्तक समुद्राकाठच्या कड्यांवर चढण्याउतरण्याचं होतं. दोन वर्षांपूर्वी जमिनीची मोजणी करायला एक साहेब आला होता, त्याचं. आपल्या देशात त्याला हा छंद होता. कोणत्या कड्यावरून कुठे उतरावं, भरती कधी येते, कोणत्या खाचेत पाय ठेवावा, असं सगळं त्यात होतं. शेवटच्या आठ-दहा पानांत मात्र आमचे डोंगर होते. मांजरसुंब्याच्या पलीकडे एका गावाजवळ सरळ तुटलेला कडा आहे, त्याला आग्यामाशांची मोठाली पोळी लागतात. साहेबाने लिहिलं होतं, इथे फक्त समुद्राची उणीव आहे. समोरच्या टोकावर दुर्बीण घेऊन बसून त्याने मोहोळ काढणाऱ्यांना दिवसभर पाहिलं होतं.

मी वडिलांना ती पानं मराठीत सांगितली. एका ठिकाणी त्याने लिहिलं होतं की वर दोर धरणारा माणूस बाजारात बसल्यासारखा अखंड बडबड करतो, ही बेफिकिरी एखाद दिवशी कोणाच्या तरी जिवावर बेतेल, दोर धरणाऱ्याने गप्प राहून सगळं लक्ष हातात ठेवावं. वाक्य अवघड होतं आणि मला ते चांगलं जमलं. वडिलांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ते त्यांनी कचेरीत सांगितलं, हे मला तेव्हा कळलं नाही.

चैत्रात मध काढण्याच्या वेळी वडिलांचा मुक्काम त्या गावी पडला. घरी कोणी नव्हतं म्हणून मीही गेले. या खेपेला हैदराबादहून आलेले नवे अधिकारी काम पाहायला येणार होते. आपला कडा पुस्तकात आला आहे हे मोहोळवाल्यांना वडिलांकडून कळलं होतं, त्यामुळे दिवस मावळायच्या आत दहा-बारा माणसं चावडीच्या ओट्यावर जमली. मी उंबऱ्याच्या आत बसले आणि पुस्तक मांडीवर घेतलं.

त्यांच्यातले दोघे मुख्य होते. कड्यावरून खाली उतरणारा, चाळिशीचा, काटकुळा, मोजकं बोलणारा. आणि त्याचा दोर धरणारा, अंगाने आडवा, तोंडाची टकळी कधी न थांबणारा. हा त्याचा मेव्हणा, बायकोचा भाऊ. या लोकांत दोर मेव्हण्यानेच धरायचा, सख्ख्या भावाने कधीच नाही. मी कारण विचारलं नव्हतं, पण मेव्हण्यानेच सांगितलं.

"भाऊ वाटणीचा इच्यार करंल, ताई. मेव्हण्याला दोर धरताना बहिणीचं कुंकू दिसतं."

"आन् कुंकू दिसंना झालं की तमाखू दिसती," उतरणारा म्हणाला. सगळे हसले.

मी पहिल्यांदा समुद्राचं चित्र दाखवलं. पुस्तक हातोहात फिरलं.

"खाली समदं पाणीच?"

"हो. समुद्राचं."

"मग पडला तर पोहून जायचं. लई सोपं काम हाय की."

"तुला कुठं पोहता येतंय बे? त्या दिशी हिरीत उतरलता तर आरडत व्हता."

साहेबाने लिहिलं होतं की पावसानंतर जो दगड धुतलेला, नवा दिसतो त्यावर विश्वास टाकू नये. हे ऐकल्यावर उतरणाऱ्याने पहिल्यांदा मान वर केली. "ह्ये खरं हाय. ह्ये त्यानं सोता हात लावून लिवलंय." पुढे एक खूण होती, हाताने खडक वाजवून पाहायची. त्यावर दोघा-तिघांनी एकदम ओट्याचा दगड वाजवून पाहिला. त्यानंतर त्या समुद्रकड्यांवर पक्ष्यांची अंडी काढायला दोरावरून उतरणाऱ्या लोकांबद्दल अर्धं पान होतं. ते मी वाचलं तेव्हा ओट्यावरची माणसं पुढे सरकली. मग उतरणाऱ्याने विचारलं, "त्यांचा दोर कोण धरतं?"

मी पान उलटून पाहिलं. साहेबाने ते लिहिलं नव्हतं.

"मग अर्धंच लिवलं," तो म्हणाला. "खाली कड्याचं पोट आत गेलेलं आसतं. तिथं गेलं की वरचं मानूस दिसत न्हाई. दोर बी कडंला घासतो, त्याच्यावरनं काय कळत न्हाई. ह्याचं बोलनं ऐकू येतंय तवर मला ठावं आसतं, गडी जाग्यावर हाय. माशा वर आल्या आन् ह्यो पळाला, तर बोलनं बंद पडंल. बोलनं बंद झालं की मी दोरावर भार टाकत न्हाई. खडकाला धरून थांबतो."

"आजवर पळालोय का म्या, दाजी?"

"न्हाई. पर बोलतोस म्हनून कळतंय."

पुढचं पान मी उलटलं आणि ते वाक्य समोर आलं. मेव्हणा माझ्यासमोरच बसला होता, घोंगडी खांद्यावर टाकून, आता आपलं काय लिहिलंय म्हणून तोंड भरून हसत. साहेब चुकला होता, हे मला आताच कळलं होतं. पण भावकीसमोर त्याला बेफिकीर म्हणणारी ओळ कशी वाचायची? मी डोळे खालच्या परिच्छेदावर नेले आणि कड्याच्या उंचीचं वाचू लागले. कोणाच्या लक्षात आलं नाही. आपण एका माणसाचा मान राखला असं मला वाटलं, आणि त्या समाधानात मी वडिलांनाही काही बोलले नाही. साहेबाचं म्हणणं पुस्तकातच राहील असं मी धरून चालले होते.

सकाळी ऊन तापायच्या आत सगळे कड्यावर गेले. कडा एका ठिकाणी वळतो, त्या वळणावर अधिकाऱ्यांसाठी खुर्ची मांडली होती, कारण तिथून पोळ्यापर्यंतचं सगळं दिसतं. वडील खुर्चीमागे उभे होते आणि मी वडिलांच्या मागे. दोर धावड्याच्या खोडाला एक वेढा देऊन मेव्हण्याने हातात घेतला होता. त्याच्याजवळ महकम्याचा दारोगा उभा होता. उतरणाऱ्याने कमरेला दोर बांधला, ओल्या पाल्याचा धुमसता भारा बरोबर सोडला आणि कडेखाली गेला. मेव्हण्याची बडबड नेहमीसारखी सुरू झाली. बहिणीने रात्री केलेल्या कोरड्यासात मीठ नव्हतं, असं काहीतरी तो सांगत होता.

अधिकारी खुर्चीवर येऊन बसले तशी दारोग्याने मेव्हण्याच्या खांद्यावर छडी टेकवली. वाऱ्यावर त्याचे शब्द आमच्यापर्यंत आले. "गप. साहेबांसमोर तमाशा नको. किताबात लिहिलंय, दोर धरणाऱ्याने गप राहायचं."

मेव्हण्याने काही म्हणायला तोंड उघडलं. छडी पुन्हा टेकली. तो गप्प झाला.

खाली, कड्याच्या पोटात शिरण्यासाठी उतरणारा मागे झुकला होता. तो तसाच थबकला. मग त्याने एक हात खडकात घातला, मग दुसरा, आणि पालीसारखा चिकटून राहिला. दोर सैल पडला. वरून मेव्हण्याला हे दिसत नव्हतं. दारोग्यालाही नाही.

"दम खातोय वाटतं," अधिकारी उर्दूत म्हणाले. वडील "जी" म्हणाले.

धुराचा भारा विझत आला होता. काळ्या पोळ्यावरून माशांची एक लाट सरकली, मग दुसरी. एक-दोन त्याच्या पाठीवर बसल्या. तो हलला नाही. मेव्हणा मान वळवून आमच्या वळणाकडे पाहत होता. इतक्या दुरून तो माझ्याकडेच पाहतोय असं म्हणता आलं नसतं, पण मला तसं वाटलं.

"बाबा, त्यांना बोलू द्यायला सांगा," मी हळू म्हणाले.

वडिलांनी मागे न पाहता हात हलवला. अधिकाऱ्यासमोर मध्येच बोलण्याची त्यांच्या नोकरीत पद्धत नव्हती. त्यांना ऐकू आलं की नाही, हेही मला माहीत नव्हतं. मी त्यांच्या मागून पुढे आले. उर्दूत सांगायला मला शब्द सापडेनात. शाळेत ज्या भाषेत उत्तरं द्यायची सवय होती तीच तोंडात आली.

"पुस्तक चुकलंय," मी इंग्रजीत म्हणाले.

अधिकाऱ्यांनी वळून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे, मग वडिलांकडे पाहिलं. "तुम्ही वाचलंय?" त्यांनीही इंग्रजीतच विचारलं.

"मीच ते वडिलांना वाचून सांगितलं. खालच्या माणसाला वरचा दिसत नाही. आवाज थांबला की वरचा दोर सोडून गेला असं तो समजतो. म्हणून तो दोरावर येत नाहीये. त्यांना बोलू द्या."

ते उठले, एकदा खाली पाहिलं आणि तोंडाभोवती हात धरून दारोग्याला ओरडले, "बोलने दो उसे!"

मेव्हण्याचा आवाज लगेच आला. "दाजी, जित्ता हाय का?"

मग खालून, "कुठं गेलता रं?"

"कुठं जातोय? हितंच हाय. दारोगासायबानं तोंडाला बूच मारलं व्हतं. पाय मोकळा कर, दोर तानलाय म्या. आन् ऐक, मिठाचं सांगत व्हतो..."

उतरणारा मागे झुकला. दोर ताठ झाला. मी वडिलांच्या मागे परत गेले.

तो वर आला तेव्हा एक डोळा सुजून मिटला होता आणि पाठीवर गांधी उठल्या होत्या. दुपारी दोघेही चावडीवर आले. उतरणारा भिंतीला टेकून बसला. त्याची बायको त्याच्या पाठीतले माशांचे काटे काढत होती. मेव्हणा उंबऱ्याबाहेर उभा राहिला. आज तो हसत नव्हता.

"ताई, काल वाचताना तुमी त्ये गाळलं का?"

"हो."

"कावून?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाटलं आसतं." तो म्हणाला. "वाटू द्यायचं व्हतं. काल कळलं आसतं तर आमी दाजीला सांगितलं आसतं, उद्या ह्यो दारोगा बोलू द्यायचा न्हाई. दोरीला हिसके द्यायचं ठरीवलं आसतं. कायबी केलं आसतं. त्यो खाली लटकत व्हता, ताई."

त्याची बहीण मान वर न करता काटे काढत राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

मी पुस्तक आणलं आणि ते वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, बाजार, बेफिकिरी, सगळं. मेव्हण्याने ते दोनदा वाचायला लावलं.

"बाजारात बसल्यावानी, म्हनतो," तो आपल्या दाजीला म्हणाला.

"त्येवढं खरंच लिवलंय," उतरणारा मिटल्या डोळ्याने म्हणाला. बहिणीच्या तोंडून हसू निसटलं, आणि मग मेव्हणाही ओट्यावर टेकला.

"त्या सायबाला कागद लिवता यील का?" त्याने विचारलं.

पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापणाऱ्याचा पत्ता होता. मी दौत आणि टाक घेतला. वडील आत कागदपत्रं बांधत होते. ते दारापर्यंत आले, बघितलं, आणि परत आत गेले.

"लिवा," मेव्हणा म्हणाला, "दोर धरनारा बोलतो त्ये खालच्याला ऐकू जावं म्हनून. आन् तुमच्याकडच्या अंडी काढनाऱ्यांना बी सांगा. तिथं दर्याचा आवाज लई आसंल. तर आनखी मोठ्यानं बोलत जावा म्हनावं."

मी ते इंग्रजीत लिहिलं. नंतर त्याच्या सांगण्यावरून मराठीत परत वाचून दाखवलं, एकही शब्द न गाळता.