पाचटाचा जाळ

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी निरवांगीच्या शेतात पेरूचे क्रेट भरत होते. भावजय एवढंच म्हणाली, "अक्का, ह्ये सकाळी उठलंच न्हाईत." उरलेले क्रेट गाडीत चढवले, हात धुतले आणि सणसरला निघाले. घाई करून भाऊ उठणार नव्हता...

दत्ता वेल्डिंग करायचा. उसाच्या ट्रॉल्या जोडता जोडता गेल्या हिवाळ्यात त्यानं लोखंडाची आई केली. चुलीपुढं वाकलेली, तोंडाला फुंकणी. आमच्या आईचा एकही फोटो नाही. ती गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता, मी चौदाची. तोंडवळा जमलाय का, हे सांगू शकणारी मी एकटीच. पण दुकानात तो तिच्यावर पोतं टाकून ठेवायचा. म्हणायचा, "उजेडात न्हाय कळायचं. जाळावर बघ."

बारामतीच्या मैदानावर अग्निशिल्पांचा महोत्सव होता, तिथं त्यानं ती मांडली. अंधारून आलं तशी एकेक शिल्प पेटू लागलं, पंखांतून जाळ सोडणारा मोर, पेटती चाकं. बाकीच्यांनी गॅसच्या नळ्या जोडल्या होत्या. आमच्या शहाण्यानं चुलीत उसाचं वाळलेलं पाचट ठासलेलं.

"अरे, पाचट भस्सदिशी जळून जातंय. गोवऱ्या घालायच्या."

"लोकं जाळ बघायला आल्यात अक्का, दूध तापवायला न्हाय!"

त्यानं काडी ओढली. तेवढ्यात शेजारच्याच्या डिझेलच्या कॅनचं झाकण उघडं दिसलं, ते लावायला मी वळले. मागं भक्क झालं, लोक ओरडले. मी परत बघेपर्यंत चुलीत राख.

दत्ता माझ्याकडंच बघत होता. "दिसली का गं? आईच हाय न्हवं?"

"दिसली. अगदी तीच."

त्यानं बाहीनं डोळे पुसले. डोळ्यांत धूर गेला, म्हणाला.

खोटं बोलायची मला सवय नाही. पुढच्या वर्षी आपणच गोवऱ्या न्यायच्या आणि नीट बघायचं, असं ठरवलं. थापल्याही. त्या वाळायच्या आत तो गेला.

तेराव्यानंतर भावजयीनं शिल्प माझ्याकडं पाठवलं. परवा दिवेलागणीला ते गोठ्यापुढं मांडलं, चुलीत गोवऱ्या रचल्या, स्टूल घेऊन बसले. हळूहळू तोंड उजळलं. फुंकताना आई डावा डोळा मिटायची. तो मिटलेला आहे. मी विसरले होते, त्याच्या लक्षात होतं...

"नाक चुकलंय रे," मी मोठ्यानं म्हटलं. "पण दिसली."

गोवऱ्या बराच वेळ टिकल्या.