तळ्यात सापडलेलं मैदान

"मैदान दाखवा, नाहीतर स्पर्धा नांदेडला जाईल," कलेक्टर साहेब म्हणाले.

मी हजर होऊन तेव्हा चारच दिवस झाले होते. त्याआधी अकरा वर्षं मी नांदेडच्या एका कॉलेजात फुटबॉलचा कोच होतो. गळ्यात शिट्टी, अंगात घामानं भिजलेली बनियन आणि दिवसभर आरडाओरडा. लातूर जिल्हा नवा झाला आणि त्याला क्रीडा अधिकारी लागला, म्हणून माझी निवड झाली. शिट्टी गेली, शिक्का आला. ऑफिस म्हणजे एक खोली, एक टेबल आणि दारावर खडूनं लिहिलेलं नाव. लोक पत्त्यावर अजून जिल्हा उस्मानाबादच लिहीत होते.

विभागीय फुटबॉल स्पर्धा आपल्याकडे व्हावी अशी साहेबांची फार इच्छा होती. नव्या जिल्ह्यातली ती पहिली मोठी स्पर्धा ठरली असती. रविवारी औरंगाबादहून विभागीय अधिकारी मैदान बघायला येणार होते. त्यांच्यासमोर एक मॅचही खेळवायची होती, नांदेडचं माझं जुनं कॉलेज विरुद्ध लातूर जिल्हा.

अडचण दुष्काळाची होती. शहराजवळचं मैदान काळ्या मातीचं. पाऊस नाही, त्यामुळे जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. मी चेंडू टाकून पाहिला, तर तो भेगेतच बसला. पोराचा पाय गेला असता तर मोडलाच असता. पाणी मारावं तर लोकांना प्यायला टँकर पुरत नव्हता. मैदानाला तांब्याभर पाणी मागायचीही मला लाज वाटली.

दोन दिवस स्कूटरवर फिरलो. तिसऱ्या दिवशी रेणापूरच्या बाजूला एक आटलेला तलाव लागला. तिथं रोजगार हमीचं काम चालू होतं. शे-दीडशे माणसं तळातला गाळ काढून बांधापलीकडे टाकत होती. गाळाला भेगा होत्या, पण जिथला गाळ निघाला होता तिथं खाली मुरूम होता. टणक, सपाट, एकही भेग नाही. आणि एका बाजूला तलावाचा बांध, उतरता, दगड लावलेला, आयती गॅलरी. मी बांधावर उभा राहून एकटाच हसायला लागलो.

कामावरचे इंजिनिअर पठाण साहेब माझ्याकडे आले. "सर, तळ्यात काय हरवलं का?"

"मैदान सापडलं."

त्यांनी ऐकून घेतलं, टोपी काढून डोकं खाजवलं. "आमाला गाळ काढायचाय, तुमाला सपाटी पायजे. काम तर एकच हाय. फक्त चौकोनात काढा म्हणून सांगतो."

शंभर मीटर लांब आणि साठ मीटर रुंद असा चौकोन आम्ही सुतळीनं आखून दिला. बायकांची मुकादम गंगाबाई नावाची बौद्धवाड्यातली बाई होती. तिनं कमरेवर हात ठेवून विचारलं, "सर, हितं पोरं काय करणार हायेत?"

"बॉल खेळणार. पायानं मारत न्यायचा आणि त्या दोन खांबांच्या मधून घालायचा. त्याला गोल म्हणतात."

"हातानं न्हाई?"

"हातानं फक्त एकानंच."

"मग बाकीच्यांनी हात कशाला आणले?" असं म्हणून ती कामाला लागली. शुक्रवारपर्यंत तिच्या टोळीनं चौकोन असा काढला, की मी त्यावर आडवा झालो तर पाठीला खडा टोचला नाही. कडेला फक्कीच्या रेषा मारल्या. फक्की म्हणजे चुन्याची पांढरी पूड. खांबांना बाभळीच्या बल्ल्या मिळाल्या. राहिली गोलची जाळी. ती त्या तलावात मासे धरणाऱ्या भीमाप्पा भोयानं दिली. जाळं खांबांना बांधताना तो म्हणाला, "यंदा मासा न्हाई. बॉल तरी लागू द्या."

रविवारी सगळा बांध भरला. आसपासच्या गावांतून बैलगाड्या आल्या. रोजगार हमीची माणसं सुट्टीच्या दिवशीही आली, बायका डोक्यावर घमेली उलटी धरून सावलीला बसल्या. मी कलेक्टर साहेब आणि विभागीय अधिकारी यांच्या मधल्या खुर्चीत बसलो. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. अधिकाऱ्यानं शांत बसायचं असतं, एवढं मला माहीत होतं.

दहा मिनिटं बसलो. मग माझा जुना कॅप्टन जसपाल चेंडू घेऊन उजवीकडून निघाला. डावी बाजू सगळी मोकळी होती आणि त्याला ती दिसत नव्हती. मी कधी उठलो ते मला आजही आठवत नाही.

"जसपाल, डावीकडं टाक. डावीकडं."

अकरा वर्षांची सवय. त्यानं मागं न बघता डावीकडे टाकला आणि तिथल्या पोरानं गोल मारला. लातूरवर.

सगळा बांध वळून माझ्याकडे बघू लागला. कलेक्टर साहेब हळूच म्हणाले, "गायकवाड, पगार कोणत्या जिल्ह्याचा घेता?"

मी खाली बसलो. कान तापले होते. पण हसू काही दाबता येईना आणि शेजारी बघतो तर विभागीय अधिकारी तोंडावर रुमाल धरून हलत होते.

हाफ टाइमला मी परवानगी काढून लातूरच्या पोरांकडे गेलो. आमचा संघ म्हणजे निम्मे कबड्डीचे गडी. त्यांना म्हणालो, "जसपालचा उजवा पाय चालतो, डावा नाही. त्याला डावीकडेच ढकला." विश्वासघात म्हणा, पण माझा शिक्का लातूरचा होता.

शेवटी आम्ही तीन-एकनं हरलो. पण तो एक गोल औशाच्या कबड्डीपटूनं मारला, चेंडूसकट स्वतःही जाळ्यात जाऊन. जाळं निघालं, बल्ली कलली आणि घमेल्यांवर दगड वाजवत सगळा बांध उभा राहिला. भीमाप्पा पळत गेला आणि पोराला जाळ्यातून सोडवू लागला. गंगाबाईनं मला लांबूनच ओरडून विचारलं, "सर, माणूस गेला तर किती गोल धरायचे?" मॅच संपल्यावर पळत येऊन जसपाल माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "सर, डावा पाय सांगायला नको होता." मला वाटतं, त्या संध्याकाळी लातूर जिल्ह्यात माझ्याइतका खूश माणूस दुसरा नसेल.

स्पर्धा आम्हाला मिळाली, तिथंच झाली. पुढच्या साली तलाव काठोकाठ भरला. त्याआधी मी "जिल्ह्यास मैदान नाही" अशी चार पत्रं सरकारला पाठवली होती. एकाचंही उत्तर नव्हतं. मी पाचवं पाठवलं, "जिल्ह्याचे मैदान पाण्याखाली गेले आहे." पंधरवड्यात शहराजवळची जागा मंजूर होऊन आली.

तेव्हापासून माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला मी एकच शिकवलं. जे नाही ते मागू नका. आधी कसंही करून उभं करा, मग ते गेलं म्हणून कळवा.