मला ओळखणारे कावळे

कावळा हा पक्षी निवडला, हे मला कोणीच कधी माफ केलं नाही. मोर निवडला असता तर कौतुक झालं असतं. पोपट निवडला असता तर घरातल्या पोरींनी पिंजऱ्याभोवती गर्दी केली असती. पण बी.एस्सी. झालेला मुलगा मुंबई सोडून रेवदंड्याजवळच्या आमच्या नारळ-सुपारीच्या वाडीत परत येतो आणि मान वर करून कावळ्यांकडे बघत बसतो, याचं उत्तर वडिलांना चारचौघांत देता येईना. कोणी विचारलंच तर ते म्हणत, "शाळेत मास्तर आहे." तेही खोटं नव्हतं. शाळेच्या पगारावर मी जगत होतो आणि उरलेल्या वेळात कावळे एकमेकांना काय सांगतात ते शोधत होतो. गावानं दोन्हींची सांगड घातली आणि मला कावळेमास्तर करून टाकलं.

एकोणीसशे विसाच्या दशकातली ती वर्षं. आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र म्हणजे बेडूक फाडणं. प्राणी मेल्याशिवाय त्याला शास्त्रात प्रवेश नसे. मी एकदा प्राध्यापकांना म्हणालो, की मला जिवंत पक्षी कसे बोलतात ते पाहायचं आहे. ते हसले असते तर बरं झालं असतं. पण फार गंभीरपणे ते म्हणाले, "मुक्या प्राण्याच्या तोंडी आपले शब्द घालू नका." मी घालतच नव्हतो. आणि कावळा मुका असतो हे त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. रेवसच्या धक्क्यावर मासळीची टोपली घटकाभर उघडी ठेवून बघितली असती तर त्यांचा गैरसमज दूर झाला असता.

वाडीत मी कामाला लागलो. घार दिसली की कावळे वेगळं ओरडतात, मांजर दिसलं की वेगळं, खाणं सापडलं की अगदीच वेगळं. एवढं तर कान असलेल्या कोणालाही कळेल. पण कोण ओरडतो आणि कोण ऐकतो हे कळायचं तर कावळे वेगवेगळे ओळखता यायला हवेत, आणि काळ्यात काळं कसं ओळखणार? म्हणून मी अंगणात सुका जवळा टाकून जाळं लावलं, काही कावळे धरले आणि त्यांच्या पायात रंगीत दोरे बांधले. वडील ओसरीवरून पाहत होते. एक कावळा फारच फडफडायला लागला तेव्हा ते उठून आले, त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "गाठ सैल मार. पाय दुखेल त्याचा." माझ्या या उद्योगावर ते एवढंच काय ते बोलले. त्यांना तो आवडत नसेलही, पण त्यांनी तो कधी बंद कर म्हटलं नाही, हे इथे सांगून ठेवतो.

त्या दिवसापासून माझी पंचाईत झाली. मी घराबाहेर पाऊल टाकलं की माडांवरून कावळे गलका करायचे. दोरे बांधलेले तर ओरडायचेच, पण जे त्या दिवशी नुसते बघत बसले होते तेही ओरडायचे. बाकी कोणावर नाही, फक्त माझ्यावर. वाडीतल्या गड्यांची त्यामुळे चांगलीच सोय झाली. दुपारचे आडवे झालेले असले तरी मी पोचायच्या आत उठून कामाला लागलेले असत. त्यांच्यातला एक जण मला हसत म्हणाला, "मास्तर, तुमी येताव तं आमाला आदीच कलतं. कावले वरडतान ना."

मला मात्र झोप लागेना. कावळा माणसाचा चेहरा ओळखतो, लक्षात ठेवतो आणि दुसऱ्या कावळ्यांना सावध करतो, हे जर खरं असेल तर ते जगाला सांगण्यासारखं होतं. मी चुलतभावाला माझा कोट आणि टोपी घालून वाडीत पाठवला. एकही कावळा ओरडला नाही. मग मी स्वतः एका कोळ्याचा रुमाल डोक्याला गुंडाळून, त्याच्यासारखा उघडाबंब होऊन निघालो. सगळी वाडी डोक्यावर घेतली त्यांनी. हे सारं नीट लिहून मी मुंबईच्या एका शास्त्रीय मासिकाकडे पाठवलं. फार दिवसांनी उत्तर आलं. त्यातला रोख असा, की कावळे तुम्हाला नव्हे, तुमच्या मिशीला ओळखत असतील. मिशी काढून तेच पुन्हा करून पाहिल्याशिवाय छापण्याचा विचार करता येणार नाही.

आता हे लिहिणाराही आपल्याच मुलखातला माणूस होता. वडील हयात असताना मुलानं मिशी काढायची नसते, हे त्याला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? त्या काळी गुळगुळीत ओठ म्हणजे घरात काय घडलं ते सांगावं लागत नसे. मी एकदा नुसतं घरात बोलून पाहिलं. आईनं हातातली परात खाली ठेवली आणि ती मागच्या पडवीत जाऊन रडायला लागली. माझी इतक्या वर्षांची मेहनत एका मिशीपाशी अडून बसली, आणि ती मिशी मला माझ्या मर्जीनं काढता येत नव्हती. संताप यायचा तो कोणावर काढावा तेच कळत नसे. मी वर्गातल्या पोरांवर काढायचो.

पुढे वडील गेले. साध्या तापाचं निमित्त झालं. ते गेले तेव्हा मी त्यांच्या उशाशी होतो, आणि मला फार एकटं वाटलं. दहाव्या दिवशी सकाळी खाडीकाठी न्हाव्यानं माझं डोकं आणि मिशी उतरवली तेव्हा, खरं सांगतो, कावळ्यांचा विचार माझ्या मनातही नव्हता.

तो त्यांनीच आणून दिला. भटजींनी काठच्या कातळावर दर्भ अंथरून पिंड मांडला, वर दही घातलं आणि सगळे चार पावलं मागे सरून हात जोडून उभे राहिले. समोरच्या माडांवर कावळे होते, आमच्याच वाडीतले. एकाच्या पायातला लाल दोरा मला खालून दिसला. तो माझ्याकडे बघून ओरडला. मग दुसरा, मग सगळेच. डोक्यावर केस नाहीत, ओठावर मिशी नाही, अंगावर ओल्या पंच्याशिवाय काही नाही, आईनंही क्षणभर थबकून बघावं असं माझं रूप झालेलं, आणि या पाखरांनी मला एका नजरेत ओळखलं. मुंबईला हवा होता तो पुरावा माझ्या डोक्यावर ओरडत होता, आणि मी बापाच्या पिंडापुढे हात जोडून उभा होतो.

पिंडाला कावळा काही शिवेना. लोक म्हणायला लागले, जीव कशात तरी अडकला आहे. काका पुढे झाले. ते वडिलांचे धाकटे भाऊ, आणि दुःखातसुद्धा कारभार त्यांच्याच हातात. "दादा, तुझ्या धाकट्या मुलीचं लग्न आम्ही थाटात करू," ते म्हणाले. कावळे हलले नाहीत. "दादा, वाडीची वाटणी होऊ देणार नाही." तरीही नाही. घरून निरोप्या येऊन विचारून गेला, शिवला का. आई सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नव्हती. तिच्या स्वतःच्या वडिलांच्या वेळी कावळा आलाच नव्हता, शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला होता. वडील असमाधानी गेले, हे तिनं जन्मभर मनाला लावून घेतलं होतं. सणासुदीला चांगलं काही रांधलं की तिला ते आठवायचं आणि घास तिच्या घशाखाली उतरत नसे. आता नवऱ्याच्या बाबतीतही तेच झालं तर तिचं काय होईल, हे मला दिसत होतं.

मी काकांच्या जवळ जाऊन हळूच म्हणालो, "काका, मी जरा आड होतो. ते मला बघून येत नाहीयेत."

"कर्त्यानं पिंड सोडून जायचं नसतं," काका म्हणाले.

"पण ते मला ओळखतात. मी गेलो की लगेच येतील."

काकांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "आज तरी तुझं शास्त्र पुरे कर," ते म्हणाले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमगल्यासारखं दिसलं. ते सर्वांना ऐकू जाईल असं बोलले, "हेच आहे. दादाच्या मनात हेच राहिलंय. मुलगा शिकला आणि कावळ्यांच्या नादी लागला. सोडतो म्हण. हात जोड आणि सोडतो म्हण."

माना डोलल्या. जमलेल्या सगळ्यांना ते एकदम पटलं. मुक्या प्राण्याच्या तोंडी शब्द घालू नका म्हणून मला शिकवण मिळाली होती, आणि इथे अख्खं गाव कावळ्याच्याही तोंडी शब्द घालत होतं आणि माझ्या मेलेल्या बापाच्याही. गाठ सैल मार म्हणणारा माणूस होता तो. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण भरतीचं पाणी कातळाला लागलं होतं, आणि भटजींनी दर्भाच्या काड्या हातात घेऊन पिळायला सुरुवात केली होती. निरोप्या पुन्हा येताना दिसत होता.

मी हात जोडले आणि म्हणालो, "बाबा, मी कावळ्यांचा नाद सोडतो."

कावळे आणखीच जोरात ओरडले. का नाही ओरडणार? बोलायला मी एक पाऊल पुढे झालो होतो.

"मनापासून म्हण," काका म्हणाले.

मी पुन्हा म्हणालो. मनापासून होतं की नव्हतं, देवाला ठाऊक. मग मला एकाएकी सुचलं. "एवढं बोललो, तर अंगावर पाणी घेऊन येतो," असं भटजींना सांगून मी निघालो. स्नानाला कोण नाही म्हणणार? केवड्याच्या बनाला वळसा घालून मी पलीकडे खाडीत उतरलो. गळ्यापर्यंत पाण्यात बसलो. माडांवरचा गलका विरत विरत थांबला. मी डोकं बुडवून वर काढतो तोच पलीकडून आरोळी आली, "शिवला, शिवला."

मी तसाच पाण्यात बसून राहिलो. माझ्या आयुष्यातला सर्वांत चोख प्रयोग मी नुकताच केला होता. गावभर साक्षीदार होते, आणि त्यांतल्या प्रत्येकानं तो उलटाच पाहिला होता.

परत आलो तेव्हा काकांनी मला मिठी मारली. भटजी सगळ्यांना समजावून सांगत होते, की शब्दाला स्नानाची जोड मिळाली आणि तो पोचला. घरी आई दारातच उभी होती. माझ्या आधीच तिच्याकडे निरोप गेला होता. तिनं माझ्या उघड्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तू सोडलंस म्हणून ते सुटले रे." मग ती भांडंभर पाणी प्यायली, आणि पानावर बसल्यावर तिनं भातही नीट खाल्ला. तिला खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं होतं? नवरा समाधानानं गेला म्हणून नव्हे, तर मुलगा झुडपामागे गेला म्हणून कावळा आला, असं? मी नाही सांगू शकलो. आणि ते सांगितल्याशिवाय मुंबईला एक ओळही लिहिणं शक्य नव्हतं, कारण लिहिलेलं कधी ना कधी गावात येतंच, आणि काका ते तिला वाचून दाखवायला चुकले नसते.

जाळं मी एका कोळ्याला देऊन टाकलं. मिशी पुन्हा वाढवली नाही. शाळेत भूमिती शिकवत राहिलो. सोडलं म्हणजे सोडलं, असं घरात सर्वांनी धरलं होतं, पण डोळे आणि कान कुठे सोडून यायचे हे काकांनी सांगितलं नव्हतं. पुढच्या वर्षांत दोरे बांधलेले कावळे एकेक करून दिसेनासे झाले. नवे आले. चोचीच्या आत अजून लाली असलेली पिल्लं, ज्यांना मी कधी धरलं नव्हतं, ज्यांच्या जन्मापूर्वीच जाळं गेलं होतं, तीही मला पाहून ओरडायला लागली. आधी आईबापांच्या मागोमाग, मग आपली आपण. म्हणजे थोरल्यांनी धाकट्यांना शिकवलं होतं. एकानं सोसलेलं दुसऱ्याला सांगता येत होतं त्यांना. मी मुंबई सोडून वाडीत आलो होतो ते एवढंच शोधायला, आणि ते रोज सकाळी शाळेत जाताना आयतं माझ्या डोक्यावर ओरडत होतं. मी छत्री उघडून चालायला लागायचो.

एका सकाळी आई अंगणात वाल निवडत बसली होती. मी दारातून बाहेर पडलो आणि गलका सुरू झाला. तिनं मान वर करून बराच वेळ माडांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाकी कोणावर नाही ओरडत हे," ती म्हणाली. "तुझ्यावरच का रे ओरडतात?"

माझ्या घरातल्या कोणीही मला हा प्रश्न त्याआधी विचारला नव्हता. उत्तर माझ्या ओठांवर होतं, शब्दन् शब्द. तिच्या चेहऱ्यावर फक्त कुतूहल होतं. किती तरी वर्षांनी ती अशी निवांत बसलेली होती.

"कुणास ठाऊक," मी म्हणालो.

ती वालाच्या सुपाकडे वळली. "एवढी वर्षं त्यांच्यामागे घालवलीस," ती म्हणाली, "आणि एवढंही कळलं नाही का रे तुला?"

"नाही कळलं," मी म्हणालो.