हेल्मेटच्या कपाळावरचं कुंकू

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला ठाऊक नाही, बहिणीला नाही. देवापुढेसुद्धा मी नुसते हात जोडते आणि घाईघाईनं उठते. तुम्हालाच का सांगतेय? — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. असू दे. ऐका.

मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर. आमचं घराणं मूळचं रंगाऱ्यांचं, म्हैसुरात कितीतरी पिढ्या झाल्या. घरात मराठी, तीही अर्धी कन्नड मिसळलेली. सरस्वतीपुरममधल्या आमच्या हॉलमध्ये भिंतीवर दोन पेटंटं फ्रेम करून लावलीत. येणारा-जाणारा वाचतो, वा वा करतो. मी तेवढ्यात कॉफी करायला आत सटकते.

पहिलं पेटंट एका हेल्मेटचं. खांबावर चढणाऱ्या लाइनमनसाठी. वीज चालू असलेली तार जवळ आली की ते पीं-पीं ओरडतं. सेन्सर मी पुढे बसवला, बरोबर कपाळावर — समोरची तार आधी कळावी म्हणून. केवढी हुशारी, नाही?

आता आयुधपूजेचं सांगायला हवं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या गावात स्कूटरपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. हेल्मेट अजून माझ्या टेबलावर तयार होत होतं, त्या वर्षी आई ताट घेऊन आली आणि त्याला ओल्या कुंकवाचा ठसठशीत टिळा लावून गेली. कुठे? कपाळावरच की! टिळा आणखी कुठे लावतात? मी चालू केलं, तर हेल्मेट मुकं. चाचणीच्या तारेला टेकवलं तरी मुकं. पुसलं — लगेच ओरडायला लागलं. पावसाचं पाणी निथळून जायचं, पण कुंकू सेन्सरपासून शेजारच्या धातूच्या पट्टीपर्यंत चिकटून बसलं होतं आणि सगळा सिग्नल तिथेच मुरत होता. "अय्यो आई, दिसेल तिथे काय कुंकू फासतेस!" मी खेकसले. ती बिचारी ताट घेऊन गेली.

चाचण्यांच्या वहीत मी पाणी लिहिलं, धूळ लिहिली, ऊन लिहिलं. कुंकू नाही लिहिलं. लाज वाटली हो. हेल्मेटला मंजुरी देणाऱ्या कोटटायवाल्या माणसांसमोर मी काय, कुंकवाची चाचणी वाचून दाखवू? हसले असते. आणि सांगा, आमच्या भागात असा एक तरी लाइनमन सापडेल का, जो नव्या हेल्मेटची पूजा करणार नाही? मी इथेच जन्मले. मला नाही कळणार तर कुणाला?

महादेवण्णा पिरियापट्टणकडचा, एका ठेकेदाराकडे लाइनमन. माझी हेल्मेटं पहिल्यांदा वापरली ती त्याच्या टोळीनं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो खांबावर चढला. लाइन बंद केली होती, पण कुणाच्या तरी जनरेटरची वीज उलटी लाइनवर आली होती. नेमकं अशाच वेळी ओरडायला ते हेल्मेट मी केलं होतं. ते ओरडलं नाही. महादेवण्णाचा उजवा हात कोपरापासून गेला.

हेल्मेट तपासायला माझ्याकडेच पाठवलं. पिशवीतून बाहेर काढलं, तर कपाळावर हळद, हळदीवर कुंकू, दवानं आणि घामानं ओघळलेलं. स्विच — थांबा, हे नीट सांगायला हवं. स्विच चालूवर होता. मी खोलीचं दार लावून घेतलं. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि ते कपाळ स्वच्छ पुसलं. मग चाचणीच्या तारेजवळ धरलं. खणखणीत ओरडलं. अहवालात लिहिलं : यंत्र सुस्थितीत, वापरणाऱ्यानं स्विच चालू केला नसावा.

आईनं तेव्हा एकदाच विचारलं, कुंकवामुळे तर नाही ना गं झालं? तुला काय कळतंय त्यातलं, म्हटलं मी. परत तिनं तो विषय काढला नाही. आता ती नाही.

आणि दुसरं पेटंट? सेन्सर कपाळावरून उचलून आतल्या बाजूला नेला, वर झाकण दिलं. 'सुधारणा' म्हणून नोंदवलं. सत्कार झाला, शाल मिळाली, म्हैसूर पेटा, आमच्याकडची मानाची पगडी, डोक्यावर चढवला. समोर पहिल्या रांगेत महादेवण्णा बसला होता. टाळ्या कशा वाजवणार? डाव्या हातानं मांडीवर थाप मारत होता.

तो दरवर्षी आयुधपूजेला घरी येतो. केळी आणतो. नव्या हेल्मेटला डाव्या हातानं कुंकू लावतो आणि माझी माफी मागतो — माझी! त्याच्या चुकीनं माझ्या यंत्राला बट्टा लागला म्हणून. त्याची बायको माझ्यादेखत त्याला बोलते : एक बटण दाबायचं होतं, तेवढं नाही जमलं याला. तो मान खाली घालून ऐकतो. मी केळी आत नेऊन ठेवते. भिंतीवरच्या फ्रेमा काढाव्यात, तर का काढल्या ते सांगावं लागेल. घर बदलावं, तर तो नव्या पत्त्यावर येईल.

या वर्षी बायको आली नव्हती. त्यानं केळी टेबलावर ठेवली, उभाच राहिला. कन्नडमध्ये हळूच म्हणाला, "अम्मा, रागावू नका. इतकी वर्षं वाटतंय, मी बटण दाबलं होतं. अंगठ्याला आठवतंय. पण तो अंगठाच आता नाही, कुणाला विचारू? तुम्ही हेल्मेट पाहिलंत. बंद होतं ना?"

हॉलमध्ये आम्ही दोघंच होतो. त्याला फक्त एक शब्द हवा होता. मी त्याच्याकडे बघून म्हटलं, "हो, महादेवण्णा. बंदच होतं."

तो मान हलवत जिना उतरला. एका हातानं कठड्याला धरून, सावकाश.

स्विच चालू होता. कुंकू मी पुसलं.