काकांची फुंकर

रक्त घ्यायला शिकताना माझा सगळा सराव रबराच्या हातावर झाला होता. हिंगणघाटच्या लॅबमध्ये खऱ्या माणसाची पहिली शीर माझ्या वाट्याला आली, ती कापसाच्या जिनिंग गिरणीतल्या एका काकांची. त्यांच्या भुवयांत कापसाचे तंतू अडकले होते. सर शेजारी उभे होते. आज जमलं, तरच उद्यापासून मला पेशंट मिळणार होते. सरांनी तसं काकांना सांगूनही टाकलं.

"भेते काऊन वं पोरी? रबराचा हात ओरडत नाई, मीबी नाई ओरडत," काका म्हणाले.

मी स्पिरिट लावून ते वाळायची वाट पाहू लागले. मला मदत म्हणून काकांनी वाकून तिथे मायेनं फुंकर घातली. आता जागा पुन्हा पुसावी लागणार होती. पण आमच्या घरी मोठ्यांना कोणी टोकत नाही. सर माझ्याकडेच बघत होते.

"काका, फुंकू नका. तोंडातले जंतू लागतात," मी कसंबसं म्हटलं आणि नवा बोळा घेतला.

काकांनी दुसरा हात झटकन तोंडावर ठेवला, तो ट्यूब भरेपर्यंत काढला नाही.

जाताना त्यांनी बाकावरच्या माणसाला बजावलं, "फुंकू नोको बापा, मॅडम रागावते."

मॅडम म्हणजे मी, हे कळायला मला जरा वेळ लागला.